दोन उन्हं कमी

अकोल्याच्या जठारपेठेत देवमन तायडेचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं. छप्पन साली तो नागपुरात रेडिओचा कोर्स करत होता. त्याच वर्षी आईबाप तिकडे आले, तिघांनी मिळून दीक्षा घेतली, आणि कोर्स संपल्यावर देवमननं अकोल्यात येऊन पाटी लावली. पुढे एक फळी, मागे एक फळी आणि मधे देवमन, एवढंच ते दुकान. पण हात असा की आठ ठिकाणी फिरून आलेला रेडिओ त्याच्याकडे बोलायला लागे.

माणूस साधा, कुणाच्या अध्यात ना मध्यात. एकच खोड होती. त्याला काट्याचं वेड होतं. काचेआड, काळ्या आकड्यांवरून डुलत डुलत जाणारा बारीक काटा दिसला की देवमनचे डोळे निवत. ज्या यंत्राला काटा नाही ते त्याच्या मते बिनमिशीच्या फौजदारासारखं. त्याची बायको इंदूबाई म्हणायची, लग्नाच्या वेळी मला बघायला आले तेव्हाही हे भिंतीवरच्या घड्याळाकडेच बघत होते. देवमन ते नाकारत नसे.

त्रेसष्ट सालच्या दिवाळीनंतर अमरावतीचे भगवंतराव अढाऊ दुकानात आले. त्यांची अमरावतीत कापसाची जिन होती. शेतकऱ्यांनी आणलेला कापूस घ्यायचा, त्यातली सरकी वेगळी काढायची आणि रुई पुढे पाठवायची, असा धंदा. आले होते दुरुस्तीला टाकलेला रेडिओ न्यायला, पण तो तयार व्हायला तासभर होता, म्हणून स्टुलावर बसून त्यांनी आपलं दुखणं सांगितलं. कापूस ओला येतो. ओला कापूस यंत्रात गुंडाळला जातो, गंजीत टाकला तर तापतो, पिवळा पडतो. म्हणून फाटकावर चतुराबाई नावाची एक जुनी मजूर बाई बसवलेली आहे. ती मुठीत कापूस दाबून बघते, सरकी दातांत फोडते आणि ओला की कोरडा ते सांगते. बाई चुकत नाही. पण शेतकरी म्हणतात, बाई मालकाची आहे. आणि भगवंतरावांना आपलं वाटायचं, बाई शेतकऱ्यांची आहे. रोज फाटकावर तंटा.

"दातावर किती दिवस धंदा करू?" भगवंतराव म्हणाले. "तुह्या रेडिओसारखं एखादं मशीन नाई का निंघत, जे सांगून देईन ओला का कोरडा?"

निघेल, असं देवमन म्हणाला आणि मग विचार करायला लागला. त्याची हीच रीत होती.

पण विचार बरोबर निघाला. ओल असली की वीज सोपी वाहते, कोरड्यात अडते, एवढं त्याला ठाऊक होतं. त्यानं एक पितळी डबा केला. त्यात पसाभर कापूस टाकायचा, वरून दट्ट्या दाबायचा, आणि डब्याचा तळ आणि दट्ट्या यांच्यामधून किती वीज जाते ते मोजायचं. मोजणारं सर्किट त्यानं जुन्या रेडिओतल्या दोन व्हॉल्व्हवर बसवलं. दोन आठवड्यांत यंत्र कापसाची ओल ओळखायला लागलं. आता ओळखलेलं माणसाला सांगायचं कसं, एवढंच उरलं होतं, आणि देवमनला तो प्रश्नच वाटला नाही. त्यानं मुंबईहून काटा मागवला. ताटलीएवढा गोल मीटर, साठ रुपयांचा. बाकी सगळं यंत्र मिळून तीस रुपयांत झालं होतं.

इंदूबाईनं विचारलं, मालापेक्षा पिशवी महाग कशी? देवमन म्हणाला, "तुले नाई समजाचं." तिनं मान डोलावली. पण अशी डोलावली की देवमननं मीटर कपाटात ठेवताना दोनदा मागे वळून पाहिलं.

यंत्र गोधडीत गुंडाळून तो बडनेऱ्यापर्यंत पॅसेंजरनं गेला आणि तिथून शटलनं अमरावतीला. पेटी मांडीवर अशी धरली होती की समोरच्या बाईनं आवाज हळू करून विचारलं, बाळ झोपलं का.

जिनच्या फाटकावर कापसाच्या गाड्यांची रांग होती. चतुराबाई पन्नाशीची, सडपातळ, केसांत कापसाचे तंतू अडकलेले. तायडे हे नाव ऐकताच तिनं देवमनला निरखलं आणि म्हणाली, "तू डोमाजीचा पोरगा का? जयभीम बापू." त्याच्या बापासोबत ती दोन हंगाम कामाला होती. मग तिनं यंत्राकडे पाहिलं, आणि हे आपल्या जागी बसणार हे तिला कुणी सांगावं लागलं नाही. ती नुसती जरा बाजूला सरकली. देवमनला ते दिसलं, पण त्याचं लक्ष काट्यात होतं.

काटा सुरेख चालला. पहिल्या गाडीचा कापूस डब्यात गेला, दट्ट्या दाबला, काटा उठला, डुलला आणि अकरा-बाराच्या मधे उभा राहिला. भगवंतरावांनी ठरवलं होतं, अकरा टक्के ओलीपर्यंत घ्यायचा, पुढचा परत. ते आपल्या बाजूनं बघून म्हणाले, बारा. शेतकरी दुसऱ्या बाजूनं बघून म्हणाला, अकरा. दोघंही खरं बोलत होते, कारण काटा काचेच्या आत आकड्यांपासून जरा वर तरंगत असतो आणि कडेनं पाहिलं की सरकलेला दिसतो. देवमन हे समजावून सांगायला पुढे झाला, तोवर शेतकरी म्हणाला, "साडेअकरा लावा मालक, अन् मिटवा."

देवमन मागे सरला. ओलीचाही भाव पाडता येतो हे त्याच्या कोर्समध्ये नव्हतं. आजवर चतुराबाई ओला म्हणाली की तंटा व्हायचा, पण तो होय-नाहीचा तंटा होता. आता मधे आकडा आला होता आणि आकडा म्हटलं की बाजारात वाढलेल्या माणसाला घासाघीस सुचतेच. संध्याकाळपर्यंत भगवंतरावांचा घसा बसला. चतुराबाईला आकडे वाचता येत नव्हते, त्यामुळे ती तेवढी निवांत होती.

देवमन परत गेला. चौथ्या दिवशी कार्ड आलं: काटा पंधराच्या पुढे जाऊन बसला आहे, कोरडा कापूस टाकला तरी हलत नाही, या. तो गेला, बघितलं. काचेआड काटा दिसला की माणूस बोटानं टिचकी मारतोच, आणि चार दिवसांत दोनशे गाडीवानांनी एकेक मारली होती. काच तडकून आत दबली होती आणि काटा पार वाकला होता. साठ रुपये. देवमननं तो काढून खिशात घातला, आणि परतीच्या गाडीत खिशावर हात ठेवून बसला.

मग त्यानं दुसरं टोक गाठलं. काटा नको, आकडा नको, घासाघीस नको. दोन दिवे. हिरवा लागला तर घ्या, लाल लागला तर परत न्या. दोन्ही दिवे मिळून तीन रुपयांच्या आत. आपण किती काटकसरी आहोत हे त्यानं इंदूबाईला दोनदा सांगितलं. तिनं विचारलं, "तुमी हे कोनासाठी करून राह्यले?"

"भगवंतरावांसाठी."

"भगवंतराव येतात का कापूस घेऊन?"

देवमनला घाई होती. तो पेटी उचलून स्टेशनवर गेला.

दिव्यांनी घासाघीस खरोखर बंद केली. पण तिसऱ्याच दिवशी अंजनगाव सुर्जीचे खुशालराव चार गाड्या घेऊन आले. खुशालराव म्हणजे चाळीस एकर काळ्या जमिनीचे धनी. त्यांचा कापूस भगवंतरावांच्या वडिलांपासून याच जिनमध्ये येत होता. पसाभर कापूस डब्यात गेला आणि लाल दिवा लागला. मागे वीस गाड्या उभ्या होत्या. वीस गाड्यांवरच्या चाळीस माणसांनी लाल दिवा पाहिला, मग खुशालरावांकडे पाहिलं, आणि मग सगळे एकदम बैलांकडे बघायला लागले.

वजन वाढावं म्हणून कापसावर पाणी मारणारे लोक असतात, ते फाटकावर सगळ्यांना ठाऊक असतं. खुशालराव आवाज न चढवता बोलले.

"माह्या कापसात दवाचं पानी हाय. मी बादली वतली नाई. तुमच्या दिव्याले हे समजते का?"

दिव्याला ते समजत नव्हतं. जरासा दमट आणि पार भिजलेला यांतलाही फरक त्याला समजत नव्हता. खुशालरावांनी चारही गाड्या वळवल्या आणि दुसऱ्या जिनवर नेल्या. त्या आठवड्यात त्यांच्यामागून आणखी सात जण गेले. त्यातच एक दिवस सकाळी लाल दिवा उडाला. तो उडालाय हे कुणाच्या ध्यानात येईपर्यंत, लाल लागत नाही म्हणजे घ्यायचा, असं धरून माप सुरू होतं. त्या दुपारपर्यंत अमरावती जिल्ह्यात ओला कापूस नावालाही उरला नव्हता. भगवंतरावांनी या खेपेला कार्ड लिहिलं नाही. तार केली. तारेत एकच शब्द होता: या.

गाडीत बसल्यावर देवमनला इंदूबाईचा प्रश्न आठवला. घाईत त्याचं उत्तर द्यायचं राहिलं होतं. बडनेऱ्यापर्यंत त्यानं उत्तर शोधलं, आणि शटलमध्ये बसल्यावर त्याच्या लक्षात आलं की फाटकावर काय होतं ते आपण कधी नीट पाहिलेलंच नाही. दर वेळी आपण यंत्राकडे बघत होतो.

जिनमध्ये पोचल्यावर त्यानं दिव्यांची पेटी उचलून बाजूला ठेवली आणि भगवंतरावांना म्हणाला, आजचा दिवस चतुराबाईला बघू द्या तिच्या पद्धतीनं. भगवंतराव इतके थकले होते की त्यांनी हो म्हटलं. देवमन एका पोत्यावर बसला आणि दिवसभर बसून राहिला. गाडीवानांना वाटलं, नवा कारकून असावा. कामच करत नाही म्हणजे कारकूनच.

त्याला दिसलं ते असं. गाडी आली की चतुराबाई बोऱ्यात कोपरापर्यंत हात घालायची, आतला कापूस काढायची, मुठीत दाबायची. तेवढ्यात तिला कळलेलं असे, हे तिच्या चेहऱ्यावर दिसायचं. पण ती बोलायची नाही. ती कापसातली सरकी काढून शेतकऱ्याच्याच हातावर ठेवायची. "तुमीच पाहा भाऊ चावून." शेतकरी चावायचा. कोरडी सरकी दाताखाली कडकन फुटते, ओली नुसती दबते. आपल्याच दाताशी कोण भांडणार? दहांतले सात जण स्वतःच म्हणायचे, थोडा दमट आहे, वाळवून आणतो. उरलेले तिघं तंटा करायचे, आणि भगवंतरावांच्या कानापर्यंत तेवढेच तिघं पोचायचे.

दुपारी ती फडक्यात बांधलेली भाकर सोडून बसली, देवमनलाही अर्धी दिली. तो म्हणाला, मावशी, मशीन आलं तर तुमचं काम जाईल असं वाटलं का तुम्हाला. ती म्हणाली, वाटलं तर होतं. पण तुझं मशीन बघून भीती गेली. देवमनला ठसका लागला. तिनं पाणी दिलं.

मग त्यानं विचारलं, ओला आहे म्हणून कळल्यावर शेतकरी पुढे काय विचारतो? तिनं भाकरीचा घास मोडला.

"काय विचारन? किती उन्हं दाखवू म्हंते. येक, का दोन."

पापडाला, कुरड्यांना दाखवतात तशी उन्हं. शेतकऱ्याला अकरा-बाराशी देणंघेणं नव्हतं. लाल-हिरव्याशी तर नव्हतंच. कापूस आणखी किती दिवस उन्हात टाकायचा, एवढंच त्याला हवं होतं. देवमननं भाकरीचा तुकडा हातात धरूनच खिशातून पेन्सिल काढली.

अकोल्याला परतल्यावर त्यानं दिवे काढले. एका मोडक्या रेडिओतून मॅजिक आय काढला. हा एक छोटा व्हॉल्व्ह असतो. स्टेशन नीट लागलं की त्यातला हिरवा प्रकाश पापणी मिटावी तसा मिटतो. याला काटा नाही, टिचकी मारली तरी वाकत नाही, आणि भंगारातला म्हणून फुकट. शेजारी त्यानं एक बटण बसवलं, रेडिओचंच, हाताला भरेल असं मोठं. डब्यात कापूस टाकून बटण फिरवत जायचं. हिरवा डोळा मिटला की थांबायचं. बटणाची खूण जिथे असेल तेवढी उन्हं. उजेडात तो डोळा फिका दिसतो म्हणून त्यावर पत्र्याची नळी बसवली. त्यामुळे जो वाकून बघेल त्यालाच तो दिसायचा, मागच्या गाडीला नाही. हे देवमननं काही योजून केलं नव्हतं. नळी बसवल्यावर त्याच्या ध्यानात आलं, आणि तो बराच वेळ एकटाच हसत होता.

बटणाभोवतीची उन्हं त्यानं स्वतः रंगवली. इंदूबाईनं पाहिलं आणि विचारलं, हे सायकलचे फ्रीव्हील कशासाठी काढले? मग तिनंच ब्रश घेतला. पहिल्या जागेवर काहीच नाही, म्हणजे कापूस कोरडा. मग एक सूर्य, मग दोन, मग तीन. तिसऱ्या सूर्यापुढे तिनं एक छोटी बादलीही काढली. देवमननं ती पुसायला लावली. "खुशालराव पुन्हा गाड्या वळवतीन," तो म्हणाला.

खुणा कुठे येतात हे ठरवायला तो पुन्हा अमरावतीला गेला. चतुराबाई कापूस आणून द्यायची, सरकी चावायची, म्हणायची एक ऊन. तो बटण फिरवून डोळा मिटेपर्यंत न्यायचा आणि पेन्सिलीनं खूण करायचा. दोन दिवसांत कापसाचे साठ नमुने झाले. एकदा यंत्र दोन म्हणालं आणि ती एक म्हणाली. देवमननं डबा उघडून पाहिला. दट्ट्याखाली त्याच्याच घामाचा ओला हात लागलेला होता. तिनं पदरानं डबा पुसून दिला.

भगवंतरावांना नवं यंत्र बघून वाईट वाटलं. एवढा खर्च केला आणि दिसतं कसं, तर पानपेटीसारखं. काटा होता तेव्हा बघणाऱ्यावर छाप पडायची, असं ते म्हणाले, आणि देवमनला ते पार पटलं. शेवटी चतुराबाईच म्हणाली, आठ दिवस ठेवून तर बघा.

मधल्या काळात भगवंतराव स्वतः अंजनगावला जाऊन खुशालरावांकडे चहा पिऊन आले होते. काय बोलणं झालं ते कुणाला कळलं नाही, पण पुढच्या सोमवारी खुशालराव दोन गाड्या घेऊन आले. चारांतल्या दोनच, बाकीच्या दोन त्यांनी राखून ठेवल्या होत्या. देवमन त्या दिवशी तिथेच होता. या खेपेला त्यानं डब्याला हात लावला नाही.

चतुराबाईनं त्यांच्याच हातानं कापूस काढायला लावला, त्यांच्याच हातानं डब्यात टाकायला लावला, आणि बटण त्यांच्या बाजूला वळवून दिलं. खुशालरावांनी आधी यंत्राकडे संशयानं पाहिलं. मग वाकून नळीला डोळा लावला. चाळीस एकरांचा धनी कमरेत वाकून बटण फिरवतोय, हे बघायला रांगेतले दोघं-तिघं माना उंच करत होते. पण त्यांना दिसली फक्त खुशालरावांची पाठ आणि पागोट्याचा शेमला. खुशालरावांनी बटण फिरवलं, थांबवलं, परत मागे नेलं, पुन्हा फिरवलं. तीनदा. तिन्ही वेळा डोळा त्याच जागी मिटला. ते उभे राहिले, कुणाकडे न बघता चतुराबाईला हळूच म्हणाले, "दोन उन्हं कमी हाय वाटते."

"दवाचं हाय भाऊ. औंदा साऱ्याईचं तसंच हाय," ती म्हणाली. "आंगन मोकयं हाय, पसरा अठीच."

त्यांनी जिनच्या आवारात कापूस पसरला आणि दोन दिवस अमरावतीतच एका नातेवाइकाकडे राहिले. रोज दुपारी येऊन ते पसाभर कापूस डब्यात टाकायचे. पहिल्या दिवशी खूण दोनावरून एकावर आली. ते त्यांनी नातेवाइकाला, नातेवाइकाच्या शेजाऱ्याला आणि टांगेवाल्याला सांगितलं. दुसऱ्या दिवशी कोऱ्या जागेवर डोळा मिटला तेव्हा मागच्या गाडीवानाला त्यांनी स्वतः हात धरून पुढे आणलं आणि नळीतून दाखवलं. उरलेल्या दोन गाड्या त्याच आठवड्यात आल्या.

त्या हंगामात तंटे पार बंद झाले असं नाही. एक माणूस बटण मुद्दाम डोळा मिटायच्या आधीच सोडून द्यायचा आणि कोरडा म्हणायचा. चतुराबाई तेव्हा त्याच्या हातावर सरकी ठेवायची. भगवंतरावांनी तिला यंत्राजवळ बसायला एक स्टूल दिलं आणि मजुरीत वाढही केली, जरी वाढ द्यायला त्यांनी संक्रांत उलटू दिली. गाडीवान यंत्राला हिरवा डोया म्हणू लागले. पुढच्या वर्षी तिवशाच्या एका जिनवाल्यानं आणि अकोल्याच्या दोघांनी तसंच यंत्र मागितलं. अकोल्यातल्या एकानं अट घातली की त्याला घंटा हवी, मोठी, रस्त्यापर्यंत ऐकू जाईल अशी. देवमन म्हणाला, देतो, पण आधी एक दिवस तुमच्या फाटकावर बसू द्या. तो एक दिवस बसला. घंटेचं नाव पुन्हा कुणी काढलं नाही.

या बसण्याची त्याला चटकच लागली. रेडिओ दुरुस्तीला आला की तो गिऱ्हाइकाच्या घरी जाऊन बसायचा, घरात रेडिओ कोण लावतं, कोणतं बटण चुकून फिरतं, म्हातारी कोणत्या हातानं बंद करते ते बघायचा. लोक चहा देऊन कंटाळले. मग एकदा त्यानं ठरवलं की घरच्यासाठी एक सोपा रेडिओ करायचा, आणि इंदूबाई स्वयंपाक करताना रेडिओ कसा हाताळते ते बघायला सकाळी सकाळी चुलीशेजारी पाट टाकून बसला, कागद-पेन्सिल घेऊन.

तिनं एकदा त्याच्या कागद-पेन्सिलीकडे पाहिलं. मग तिनं लसणाची परडी त्याच्यापुढे सरकवली.

"बसलेच हाय, तं सोला."